हळद्याच्या छातीवरच्या रेघा

४ एप्रिल

लेकी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच टाकून देशील, म्हणून पत्ता तुझ्या आईकडून लिहून घ्यायला गेलो होतो. ती म्हणाली, "सहा वर्षं तुम्हा दोघांचे निरोप वाहिले. आता बास झालं. तुमचं तुम्ही लिहा." तेव्हा अक्षर माझंच आहे. फोनवर तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस, टपालाला ती सोय नाही. तू उत्तर दे किंवा नको देऊस, मी दर पंधरा-वीस दिवसांनी लिहिणार. मी हट्टी आहे हे तुला सांगायला नको. तू तरी कुणावर गेली आहेस?

आईने शेवटचा म्हणून एक निरोप दिला. फेब्रुवारीत तिने जुना अल्बम तुझ्याकडे नेला, छोटीने तो बघितला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रुमाल ओला करून ती तुझा डावा गाल घासायला बसली. म्हणाली, "आई, तू लहान होतीस तेव्हा स्वच्छ होतीस." चार वर्षांची पोर, तिचं काय चुकलं? तुझ्या गालावरचा तो जन्माचा डाग अल्बममधल्या एकाही फोटोत नाही. फोटो सगळे मी काढले आणि डाग सगळ्यांतून मीच पुसला. आमच्या धंद्यात त्याला 'काम करणं' म्हणतात.

तू आईला म्हणालीस, "बाबांना विचार, माझा एक तरी खरा फोटो आहे का. मला तिला दाखवायचाय." लग्नाचा अल्बम टेबलावर आपटून गेलीस तेव्हाही तू हेच विचारलं होतंस. उत्तर तेव्हा होतं तेच आहे: नाही. डाग झाकायला थेट निगेटिव्हवरच पेन्सिल फिरलेली आहे, त्याला आता इलाज नाही. असता तर दिला असता.

असो. छोटीसाठी सोबत एक बुलबुल पाठवतो आहे. स्टुडिओ बंद केल्यावर आईने प्रिंट धुवायचा मोठा पांढरा ट्रे उचलून परसात नेला, चार विटांवर ठेवला आणि त्यात पाणी ओतलं. मी तणतणलो. चाळीस वर्षं त्या ट्रेमधून लोकांची लग्नं धुऊन निघाली, आणि आता त्यात कावळे पाय धुणार! ती म्हणाली, "तुम्ही दिवसभर खुर्चीत बसून असता. कावळे निदान पाय तरी धुतात." आठवड्याभरात कावळ्यांमागून बुलबुल आले. शेपटीखाली लालभडक, डोक्यावर तुरा, आणि स्वभावाने तुझ्या मोठ्या आत्यासारखे, म्हणजे येतानाच भांडत येतात. मी कपाटातून कॅमेरा काढला. पहिल्या दिवशी शहाण्णव फोटो काढले, त्यातल्या नव्वदांत नुसतं उडालेलं पाणी होतं. माणसाला 'हलू नका' म्हणता येतं. इथे कोण ऐकतंय?

तुझा बाप

२० एप्रिल

लेकी,

पत्र परत आलं नाही, म्हणजे मिळालं. फाडलंस की ठेवलंस ते मला माहीत नाही.

परसात माणूस दिसला की पक्षी खाली उतरत नाहीत. म्हणून मी आता बाथरूममध्ये बसतो. हसू नकोस. तिथली खिडकी ट्रेपासून चार पावलांवर आहे. काचेची एक पट्टी काढली की कॅमेऱ्याचं तोंड बरोबर बाहेर निघतं, आणि बादली उपडी घालून तिच्यावर बसलं की माझा डोळा थेट पक्ष्याच्या डोळ्यासमोर येतो. सकाळी साडेसहा ते साडेनऊ ही माझी वेळ. त्यावरून घरात रोज जुंपते. काल आई दार ठोठावत म्हणाली, "अहो, आंघोळ मीपण करायची की फक्त पाखरांनीच?" मी आतून म्हटलं, "हळू बोल, खंड्या आलाय." ती म्हणाली, "त्याला म्हणावं साबण संपलाय, येताना आण."

हा खंड्या इतर पक्ष्यांसारखा पाण्यात बसत नाही. समोरच्या तारेवरून सरळ ट्रेमध्ये मुसंडी मारतो आणि काहीतरी विसरल्यासारखा लगेच परत वर जातो. असं चार-पाच वेळा. तीन सकाळी माझ्या हाती नुसती शेपटी लागली. चौथ्या दिवशी तो तारेवरून सुटायच्या आधीच बटण दाबायला शिकलो. पाठीचा निळा बघ. आमच्या काळात असा निळा छापून आला असता तर 'रंग भडक झालाय' म्हणून गिऱ्हाइकाने प्रिंट तोंडावर फेकली असती.

ट्रेच्या काठावर शीट पडलेली होती, तेवढी काढून टाकली. गळ्याशी एक पीस विस्कटलं होतं, ते बसवलं. बाकी आहे तसाच आहे.

बाबा

१० मे

लेकी,

छोटीने फोटो स्वयंपाकघरातल्या कपाटाला चिकटवले आहेत असं कळलं. कसं कळलं विचारू नकोस. आई फोनवर बोलत होती आणि मी शेजारच्या खोलीत टाचणी शोधत होतो. अर्धा तास शोधत होतो. खंड्याला ती 'निळू' म्हणते हेही ऐकलं.

या वेळी चष्मेवाले पाठवतो आहे. हिरवे-पिवळे, अंगठ्याएवढे, डोळ्यांभोवती पांढरं कडं. दहा-बाराजण एकदम येतात आणि सुट्टी लागल्यावर पोरं हौदात उड्या मारतात तशी आंघोळ करतात. छोटीला मोजायला सांग. अकरा आहेत, अकरावा कोपऱ्यात पाठमोरा आहे.

तू फोटो बघून काय म्हणालीस ते आईने सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही. खोटं. दोनदा विचारलं.

त्या दिवशी तू म्हणाली होतीस, "बाबा, या अल्बममध्ये माझं लग्न झालेलंच नाही." मला ते वाक्य लागलं, लेकी. सहाशे चाळीस फोटोंवर मी सतरा दिवस काम केलं होतं. डोळ्यांच्या पार खाचा झाल्या. प्रत्येक फोटोत उजेड वेगळा, प्रत्येक फोटोत गाल वेगळा. एका तरी ठिकाणी जोड दिसली का तुला? माझ्याकडे दुसरे स्टुडिओवाले नवरीचे फोटो पाठवायचे, इतका माझा हात वाखाणलेला होता, आणि स्वतःच्या मुलीच्या लग्नात मी तो हात राखून ठेवायचा?

रागावू नकोस. वरचा परिच्छेद मी खोडत नाही, पण तू तो सोडून वाच.

बाबा

२९ मे

लेकी,

छोटीला आधी डोळे मिटायला सांग आणि मग पाकीट उघड. हळद्या! पहिल्यांदाच आमच्या ट्रेवर उतरला. हा पक्षी उंच झाडांच्या शेंड्यावरून खाली यायचं नाव घेत नाही. शीळ ऐकू येते आणि मान दुखेपर्यंत शोधलं तरी दिसत नाही. मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तो काठावर बसला, दोन घोट प्यायला आणि गेला. सहा फोटो मिळाले. त्यातला एक अगदी स्पष्ट आला, डोळ्यात उजेडाचा ठिपकासुद्धा आहे.

खरं सांगायचं तर साहेब जरा मळकट होऊन आले होते. धुळीत लोळले असतील. मग संध्याकाळी बसून त्यांना जरा नीटनेटकं केलं. आता बघ कसा पिवळाधमक दिसतोय. मुद्दाम मोठी प्रिंट काढली. वाचनालयाच्या जिन्यात गावातल्या पक्ष्यांचे फोटो लावणार आहेत, तिथेही एक देऊन आलो. ग्रंथपाल बघतच राहिला.

ही प्रिंट कपाटाला नको, भिंतीवर लावा. काढून टाकायची झाली तर छोटीला विचारून काढ.

तुझा (आज जरा ताठ चालणारा) बाबा

१३ जून

लेकी,

तो हळद्याचा फोटो भिंतीवरून काढ. आजच काढ. तो खोटा आहे.

काय झालं ते सांगतो. शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई आहेत, सगळे त्यांना पक्षीवाल्या बाई म्हणतात. या भागातल्या पक्ष्यांची नोंद त्या एका जाड वहीत ठेवतात. जिन्यातले फोटो निवडायचं काम त्यांच्याकडे आहे. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"काका, फोटो सुरेख आहे. पण पंख इतके हिरवट आणि पोट इतकं स्वच्छ, मला काही जुळत नाहीये. मूळ फोटो आहे का?"

मी म्हटलं, "मूळ आम्ही ठेवत नाही. कच्चं कुणाला दाखवायचं नाही, ही स्टुडिओची पहिल्यापासूनची रीत."

"मग यात काय काय बदललंत?"

मी मोठ्या तोऱ्यात सांगायला लागलो. छातीवर मळकट रेघा होत्या, त्या काढल्या. चोच काळपट होती, ती गुलाबी केली. पिवळा फिका होता, तो खुलवला. पुस्तकात एका पूर्ण वाढलेल्या नराचं चित्र बघितलं होतं, ते डोळ्यासमोर ठेवून केलं सगळं.

बाई आधी हसल्या. मग त्यांनी वही मिटली. "काका, तो मळ नव्हता. छातीवर रेघा आणि काळपट चोच म्हणजे याच वर्षीचं पिल्लू. तुम्ही पिल्लाला नवरदेव करून बसवलंत."

मीही हसलो. मला वाटलं गंमत झाली. तेव्हा त्यांनी सांगितलं की हळद्या इथे घरटं करतो की नुसता पाहुणा म्हणून येतो, हे त्या सात वर्षं शोधताहेत. मोठे पक्षी सगळ्यांना दिसतात. पिल्लू अजून कुणाला दिसलं नाही. याच वर्षीचं पिल्लू पाणी प्यायला उतरलं, म्हणजे घरटं जवळच कुठेतरी असणार. "सात वर्षं मी जे शोधतेय ते तुमच्या ट्रेवर बसलं होतं, काका. आणि तुम्ही ते साफ करून टाकलंत."

त्या चिडतील असं मला वाटलं, तुझ्यासारख्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला चहा विचारला.

कॅमेऱ्यातलं कार्ड मी त्याच संध्याकाळी पुसलं होतं. सहाही फोटो गेले. ते पिल्लू मी पुन्हा मिळवणार आहे. रेघांसकट, काळ्या चोचीसकट. त्या वयात पिसं महिन्या-दोन महिन्यांत बदलायला लागतात असं बाई म्हणाल्या, म्हणजे माझ्या हातात फार दिवस नाहीत. छोटीला सांग, आजोबांनी चूक केली आहे आणि ते दुरुस्त करताहेत.

बाबा

२ जुलै

लेकी,

आज एकोणिसावा दिवस. पिल्लू आलं नाही.

आता मी साडेपाचला बसतो आणि अकराला उठतो. आईने आंघोळीची वेळ दुपारी नेली आहे, तेही काही न बोलता, म्हणजे परिस्थिती गंभीर आहे. परवा तिने बादलीवर उशी आणून ठेवली. गुडघे वाजतात. काल तांबट आला होता, डोक्यावर लाल, गळ्याला पिवळा, एरवी मी नाचलो असतो. फोटो काढला, पण लक्ष सगळं वरच्या फांदीकडे. हळद्याची शीळ रोज ऐकू येते. वर येतात, खाली उतरत नाहीत.

इतके तास नुसतं बसायचं म्हटलं की डोकं नको तिथे जातं. मला रोज एकच दुपार आठवते. तू सहा महिन्यांची होतीस. तुझा पहिला मोठा फोटो मी स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावला होता, आहेस तशी. दोन बायका काचेसमोर थांबल्या. एक म्हणाली, "पोर किती गोड आहे गं, पण गालाचं बघ ना. बिचारी." दुसरी चुकचुकली. एवढंच. मी आत उभा होतो. त्या वळणावर दिसेनाशा झाल्यावर मी फोटो काढून आत आणला, निगेटिव्ह डेस्कच्या काचेवर ठेवली, पेन्सिलला सुईसारखं टोक काढलं आणि भिंगातून काम करायला बसलो. चार तास लागले. संध्याकाळी नवीन फोटो काचेत होता. त्यानंतर तुझी एकही निगेटिव्ह पेन्सिल फिरल्याशिवाय पाकिटात गेली नाही.

मी आजवर आईला आणि स्वतःला सांगत आलो की लोक तुला नावं ठेवतील म्हणून मी ते केलं. बाथरूममध्ये एकोणीस दिवस बसल्यावर असलं काही सांगत बसवत नाही. तू तेव्हा सहा महिन्यांची होतीस, तुला कुणी काय म्हटलं ते कळतही नव्हतं. लाज मला वाटली होती. तुझ्या चेहऱ्याची मला लाज वाटली, लेकी. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

उद्या साडेपाचला पुन्हा बसतो.

बाबा

११ जुलै

लेकी,

मिळालं.

अठ्ठाविसाव्या दिवशी, सकाळी आठ वाजून पंचवीस मिनिटांनी. नुसतं प्यायला आलं नव्हतं, पार गळ्यापर्यंत भिजलं. प्रिंट सोबत आहे. पिसांच्या काड्या झाल्या आहेत, छातीवर ठसठशीत रेघा, चोच कोळशासारखी, ट्रेच्या काठावर शीट. कावळ्याचं एक घाण पीसही तरंगतंय. दिसायला कसंनुसं आहे, मी चाळीस वर्षांत असला फोटो गिऱ्हाइकाला दिला नसता. पक्षीवाल्या बाईंना कॅमेऱ्यासकट जाऊन दाखवला. त्यांनी वहीत तारीख घातली, वेळ घातली, आणि पुढे 'पिल्लू, एक' असं लिहिलं. मग चष्मा काढून पुसत बसल्या. जिन्यात आता हाच लागणार आहे. हा छोटीच्या भिंतीवर लाव.

आता दुसरी गोष्ट. घरी येऊन मी हे पत्र दोनदा लिहायला घेतलं आणि दोनदा हळद्यापाशीच थांबलो.

तुझा खरा फोटो नाही असं मी तुला सांगितलं, एप्रिलमध्ये पुन्हा लिहून कळवलं. मी खोटं बोललो. निगेटिव्हवर पेन्सिल चालावी म्हणून आधी एक पातळ लेप लावावा लागतो. पेन्सिल त्या लेपावर बसते, फिल्मला लागतही नाही. कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवून फिरवला की लेप जातो आणि त्याच्याबरोबर पेन्सिल जाते. खाली चेहरा जसा होता तसा असतो. हे शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं. तू लग्नाचा अल्बम आपटून उभी होतीस तेव्हा मला ठाऊक होतं. तुझी आई रुमालाची गोष्ट सांगताना रडली तेव्हाही ठाऊक होतं.

का नाही केलं, ते सांगतो, तुला संताप येईल. तुझ्या निगेटिव्ह हे माझं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम आहे. इतकी बारीक पेन्सिल मी दुसऱ्या कुणासाठी चालवली नाही. भिंगाखालीसुद्धा कळत नाही. ती पुसायला माझा हात धजत नव्हता. तुझा चेहरा आणि माझं काम यात मी सहा वर्षं माझं काम सांभाळत बसलो.

उद्या टर्पेंटाइन आणतो.

बाबा

१५ जुलै

लेकी,

सोबत एक फोटो आहे. पाकीट छोटीसमोर उघडू नकोस, आधी तू एकटी बघ.

माळ्यावर तुझ्या नावाचे सात डबे निघाले. त्यातली मी चार वर्षांची शोधली, छोटी आत्ता आहे त्या वयाची. लाकडी घोड्यावर बसली आहेस, बूट उलटे घातले आहेस. आई शेजारी बसली होती. मी बोळा भिजवला, पिळला, पुन्हा भिजवला. ती म्हणाली, "मी करू का?" मी नको म्हटलं. ज्याने केलं त्यानेच निस्तरायला हवं.

गोल गोल तीन वेळा फिरवला. बोळा राखाडी झाला. एवढीशी राखाडी, बस, नखाएवढी. मग निगेटिव्ह उजेडाच्या काचेवर ठेवून पक्ष्यांच्याच कॅमेऱ्याने तिचा फोटो घेतला आणि कॉम्प्युटरवर उलटा केला. काळ्याचं पांढरं झालं आणि तू आलीस.

मला वाटलं होतं मला ती खूण दिसेल. मला आधी तुझं हसू दिसलं. खूण डोळ्याखालून सुरू होऊन जबड्यापर्यंत येते, तू हसलीस की तिची कड वर उचलली जाते. ती पुसली की गालाचं हलणंच जातं. मी तुला तीस वर्षं अर्धवट हसवत होतो आणि वर लोकांना सांगत होतो की पोर फोटोत लाजते.

फिल्मवर धुळीचे कण होते, एक ओरखडा होता. हात सवयीने माउसवर गेला. आईने माझ्या मनगटावर चापट मारली. कण आहेत तसेच आहेत.

मला माफ कर असं मी म्हणत नाही. तो तुझा प्रश्न आहे. हा फोटो मात्र छोटीला दाखव, आणि तिला सांग की आई पहिल्यापासून अशीच आहे आणि लबाडी आजोबांनी केली होती. आजोबा वाईट ठरले तरी चालेल.

बाबा

४ ऑगस्ट

लेकी,

तुझं कार्ड काल मिळालं. सहा वर्षांनी आलेलं पत्र दोन शब्दांचं आहे: "अजून आहेत?" आईने ते माझ्या हातातून घेऊन वाचलं, परत दिलं, पुन्हा घेतलं. मग आम्ही दोघं परसात जाऊन उगाचच ट्रे घासत बसलो.

आहेत. एकशे सव्वीस. एकतीस धुऊन झाल्या आहेत. घाई केली तर फिल्मला चरा पडेल, म्हणून दिवसाला तीनच करतो, पक्ष्यांची वेळ संपल्यावर. महिन्याभराने तुझ्याकडे सगळ्या येतील. पहिल्या दहा या पाकिटात आहेत.

लग्नाचे मात्र नाहीत. ते कॉम्प्युटरवर होते आणि मूळ फोटो मी त्याच आठवड्यात काढून टाकले होते. सहाशे चाळीसपैकी एकही परत येणार नाही. हे नुकसान मी केलं आहे आणि ते भरून निघत नाही. तुझ्या नवऱ्यालाही हे मी स्वतः लिहून कळवतो आहे.

आता जे सांगायचंय ते या एकतीस निगेटिव्ह ओळीने मांडल्यावर माझ्या लक्षात आलं. तीन-चार वर्षांची होईपर्यंत तू फोटोत समोर बघतेस. पुढे तुझी मान डावीकडे वळलेली आहे, डावा गाल अंधारात. ते मी सांगायचो. पेन्सिलचं काम कमी व्हावं म्हणून मी तुला म्हणायचो, "मान जरा डावीकडे, शाबास." पण सात वर्षांच्या पुढच्या फोटोंत मी काही सांगितल्याचं मला आठवत नाही. तू स्टुलावर येऊन बसायचीस आणि आपणहून मान वळवायचीस. तुझ्या शाळेच्या सहलीचा एक फोटो आईकडे आहे, तो मी काढलेलाही नाही. त्यातही तीस पोरी समोर बघताहेत आणि तू एकटी डावीकडे.

ते टर्पेंटाइनने निघत नाही.

म्हणून ये. छोटीला घेऊन ये, नवऱ्याला घेऊन ये, हवं तर एकटी ये आणि संध्याकाळच्या गाडीने परत जा. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. मागच्या खोलीत खिडकीसमोर मी स्टूल ठेवलं आहे, कॅमेरा तिपाईवर लावला आहे. तू येऊन बस. मी तुला काहीही करायला सांगणार नाही, मान वर नाही, खांदे खाली नाहीत, हसही म्हणणार नाही. तू आपणहून माझ्याकडे समोर बघेपर्यंत मी बटण दाबणार नाही, मग त्याला दिवस लागो की अठ्ठावीस दिवस.

तुझा बाबा